पेज यादीत नव्हती

१४ जुलै १९५८, सोमवार. सकाळी.
शाळेच्या जुन्या हजेरीपटाची कोरी पाने शिवून ही वही केली. हिच्यात फक्त खरे लिहायचे. वाचणारा मी एकटा, तेव्हा खोटे लिहून फसवणार कोणाला?
काल मालवणला डॉ. कणसे यांना पाय दाखवला. गेल्या महिन्यात होडीतून उतरताना उजवा अंगठा कालवाच्या शिंपल्याने कापला, ती जखम. मी म्हटले, मलम द्या. त्यांनी लघवी मागितली. काचेच्या नळीत निळे औषध, त्यात आठ थेंब, खाली दिवा. साखर नसेल तर निळेच राहते. माझी नळी उकळल्यावर विटेसारखी लाल. म्हणाले, मास्तर, हा मधुमेह. साखर खाली आल्याशिवाय जखम भरणार नाही. गणपतीच्या चवथीपर्यंत आली नाही तर अंगठा काढावा लागेल. वेलीवरचे पडवळ काढावे तसे सांगितले. साताऱ्याकडचा माणूस, मालवणात येऊन सहा महिने झाले, अजून समुद्राकडे पाठ करून बसतो.
इंजेक्शनाचेही म्हणाले, पण ते थंडीत ठेवावे लागते. आमच्या तोंडवलीत बर्फ फक्त भूगोलाच्या पुस्तकात आहे.
यादी दिली. बंद: भात, साखर, गूळ, बटाटा, रताळी, आंबा, फणस, केळी. खा: मासे, अंडी, मटण, पालेभाज्या, ताक.
वाचून हसूच आले. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला सांगतात, मासे खा! दोन महिने म्हणजे काहीच नाही. माझा निश्चय मला ठाऊक आहे. तंबाखू मी तीनदा सोडली आहे.

तोच दिवस. दुपारी.
घरी अंगठ्याचे बोलायचे नाही. बायको, जानकी, रडत बसेल. आका देवळात कौल लावायला धावेल आणि संध्याकाळपर्यंत आचऱ्याला बातमी पोचेल. (आका म्हणजे माझी थोरली बहीण राधाबाई. पंचवीस वर्षे आमच्याकडे आहे. घर तिचे आहे असे तिला वाटते. आम्हालाही.) शिवाय आरोग्य सप्ताहात गावापुढे 'आपले शरीर, आपली जबाबदारी' यावर मीच दीड तास बोललो होतो. तेव्हा घरात इतकेच सांगितले: वजन उतरवतोय. जानकी म्हणाली, खंयचा वजन? मी दुर्लक्ष केले.
आज सोमवार, मासे नाहीत. म्हणजे पथ्य उद्यापासून. शेवटचा भात म्हणून तीनदा वाढून घेतला.

१५ जुलै, मंगळवार.
डॉक्टरांनी दिलेली नळी, निळी बाटली आणि स्पिरिटचा दिवा शाळेच्या कपाटात नकाशांमागे ठेवला आहे. सकाळी घंटेआधी तपासणी. विटकरी. साहजिक आहे, कालचा भात.
न्याहारीला तीन अंडी. उत्तम. पावसाळ्यामुळे मासेमारीच्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली, ताजी मासळी नाही, पण मासेवाली हौसाबाई सुके बांगडे घेऊन आली. दोन भाजून खाल्ले. पथ्य इतके सोपे असेल असे वाटले नव्हते.
दहा वाजता पेज आली. उकड्या तांदळाची, वाफाळलेली, कडेला लोणच्याची फोड. क्षणभर विचारात पडलो. यादी काढून दोनदा वाचली. पेज यादीत नाही. भात आहे, पेज नाही. भात खातात, पेज पितात. चुलीजवळून आका म्हणाली, पेज म्हणजे काय जेवाण रे बाबू? पेज म्हणजे पाणी. तुका टायफॉइड झाल्लो तेव्हा डॉक्टरानच सांगल्यान पेज देवक.
हे खरे आहे. ज्याचे सर्व बंद होते त्याला पेज देतात. पेज म्हणजे पथ्यच. दोन वाट्या प्यालो.

१७ जुलै, गुरुवार.
घोटाळा. आज श्रावण लागला. तोही अधिक. यंदा श्रावण दोन, आणि चवथ दोन्ही संपल्यावर.
मी आकाला शास्त्राने समजावले: अधिक महिना हा पंचांगवाल्यांनी हिशेब जुळवायला घुसडलेला आहे, त्यात मासे खाल्ले तर देवाकडे नोंद होत नाही. आका म्हणाली, अधिक म्हयनो तर अधिकच पाळूक होयो. अंडी? तर म्हणाली, अंडी काय झाडार लागतत?
म्हणजे चवथीपर्यंत मासे नाहीत, अंडी नाहीत, मटणाचे नाव नाही. यादीतल्या पाच गोष्टींतल्या दोन उरल्या: पालेभाजी आणि ताक. डॉक्टरांनी यादी केली तेव्हा पंचांग पाहिले नव्हते. शिकलेली माणसे असेच करतात.
हरकत नाही. पालेभाज्यांचा हंगाम आहे. टाकळा, अळू, भारंगी, शेवग्याचा पाला. गुरे जगतात, मी का जगणार नाही?

१८ जुलै.
टाकळ्याची भाजी नुसती खाऊन पाहिली. चार घास गेले. पाचव्याला डोळ्यांत पाणी आले. भाजी कशाबरोबर खायची हे डॉक्टरांनी लिहिलेलेच नाही. मात्र त्या दिवशी त्यांचा डबा टेबलावर उघडा होता. त्यात भाकरी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. त्यांची जोंधळ्याची, आमची तांदळाची, एवढ्या तपशिलात कोण शिरतो? जे डॉक्टर खातो ते रोग्याला चालते.
तीन भाकऱ्या. पेज वेगळी.

२२ जुलै, मंगळवार.
रविवारी दाजीकडे गेलो. दाजी बोटीवर खलाशी होता, आता पेन्शन घेऊन गावात आहे आणि देवधर्म बंदरातच उतरवून आला आहे. त्याने चार अंडी फोडली, कांदा-मिरची घातली. म्हणाला, बोटीर असताना म्हयनो म्हयनो भात बघूक गावत नाय, मेलंव काय? हा खरा माणूस. ठरवले: रोज संध्याकाळी दाजीकडे चार अंडी. प्रश्न सुटला.
घरी पोचलो तर आका ओटीवर उभी. तिने श्वास आत ओढला. नंतर कळले, माझ्या पापाचा उतारा म्हणून तिने दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास धरला. पासष्ट वर्षांची बाई. तिच्यासमोर बसून मी जेवायचे कसे? तिने स्वतः माझ्यासाठी तांदळाचे घावणे घातले आणि ताटाशी बसून राहिली. सात खाल्ले. नाही म्हणायला तोंड राहिले नाही, ते भरलेले होते.
अंडी बंद.

२८ जुलै, सोमवार.
नवा आणि बिनतोड विचार. उपास! उपास म्हणजे न खाणे. न खाल्ल्यास साखर येईल कुठून? आकाही खूश, डॉक्टरही खूश. सोमवार धरला. घरात माझ्याबद्दल आदर वाढल्याचे स्पष्ट दिसले.
सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. चारला उकडलेली रताळी (यादीत आहेत, पण उपासाची रताळी वेगळी). रात्री साबुदाण्याची खीर.

२९ जुलै. सकाळी पावणेदहा.
विटकरी. चोवीस तास उपास करून विटकरी! औषध बिघडले आहे. घाटावरून येताना उन्हात तापले असणार.

१ ऑगस्ट.
औषधाची परीक्षा घ्यायची म्हणून दाजीची तपासली. हा मनुष्य चहाबरोबर गुळाचा खडा चघळतो, दुपारी दीड शेर तांदळाचा भात एकटा जेवतो. नळी निळी. नुकत्याच उघडलेल्या आकाशासारखी निळी. दाजी म्हणाला, मगे काय, मी पास? मी त्याला वर्गाबाहेर काढावे तसे घालवले.
औषध ठीक आहे. न्याय ठीक नाही.

३ ऑगस्ट.
रंग बघण्याची माझी पद्धत चुकत होती. उजेड समोरून यायला हवा. खिडकीपाशी नेऊन, नळी थोडी तिरपी धरली तर विटकरीत नारिंगी दिसतो. नारिंगी म्हणजे पिवळ्याच्या शेजारचा. पिवळा म्हणजे हिरव्याच्या शेजारचा, आणि हिरवा आणि निळा यांच्यात भांडण असे काहीच नाही. आज 'निळ्याच्या वाटेवर' अशी नोंद केली.
अंगठा दुखत नाही. हे चांगले लक्षण. टाचणी टोचून पाहिली, तरी दुखला नाही. फारच चांगले.

१० ऑगस्ट, रविवार.
डॉक्टरांकडे जायचे म्हणून शुक्रवारपासून नुसते ताक. शनिवारी शाळेत पाढे म्हणवताना सतरा नव्वे विसरलो. आज खाडीच्या होडीत बसताना डोळ्यांपुढे काळोख. सर्जेकोटला उतरून मालवणापर्यंत कसा चाललो ते सांगता येत नाही.
पण नळी हिरवी! तिरपी न धरता. डॉक्टर कधी नव्हे ते हसले. मास्तर, शाबास, असंच चालू द्या. मग पट्टी सोडली आणि हसायचे थांबले. साखर उतरतेय तर ही कड काळी का? दोनदा विचारले, खरंच पथ्य पाळताय ना? मी थोडा दुखावलो. म्हटले, यादीबाहेरचा एक पदार्थ तोंडात घातलेला नाही. (भाकरीचे त्यांनी विचारले नाही.)
परतताना जानकीसाठी गुळात घोळलेले मालवणी खाजे घेतले. होडीला लाटा होत्या. लाटांमध्ये पोटात काही असलेले बरे. घरी पोचेस्तोवर पुडा रिकामा.

१६ ऑगस्ट.
निज श्रावण लागला. म्हणजे आतापर्यंतचा नुसता सराव होता.

२० ऑगस्ट, नागपंचमी.
पातोळ्या. हळदीच्या पानात तांदळाचे पीठ, आत गूळ-खोबरे. नागोबाचा प्रसाद. ज्याचे विष चढते त्याला नाही कसे म्हणायचे? एक घेतली. मग जानकी म्हणाली, आपल्या हळदीच्या पानांची म्हणान घेवा आणि एक. मग आका. नंतर कोणी काही म्हणाले नाही, तरी दोन.
जानकी हल्ली माझ्याकडे निरखून बघते. म्हणाली, वजन खराच उतारला, गालाची हाडा दिसतत. पण तुमी पाय ओढतास कित्याक? म्हटले, नवी चप्पल. चप्पल पाच वर्षांची आहे.
नवा निश्चय: श्रावण संपला की खरे पथ्य. चवथीला अजून महिना आहे. महिन्यात पुष्कळ होते. इंग्रज निघून गेले.

२९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. सकाळी अकरा.
दर्याला नारळ. नारळीभात झाला. भात यादीत आहे, पण तो पांढरा. हा केशरी.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
लिहावेसे वाटत नाही. तरी लिहितो.
होड्या बाहेर पडल्या आणि हौसाबाई पाटी घेऊन दारात आली. वर्षातले पहिले ताजे बांगडे, डोळे चकाकत होते (बांगड्यांचे). मी ओटीवर पाय पसरून बसलो होतो. पट्टी बदलताना मध्येच विसरलो होतो. हौसाबाई म्हणाली, मास्तरानू, श्रावण म्हणान तोंड फिरवतास? बांगड्याक काय पंचांग कळता? आणि मग एकदम पाटी खाली ठेवली. वाकली. जवळ येऊन पायाचा वास घेतला. इतकी वर्षे तिने मासे असेच पारखले आहेत.
ओरडून म्हणाली, गो जानकी, हयसर ये! घोवाचो आंगठो काळो पडलो हा, तुका दिसना नाय? माज्या घोवाचो पाय असोच गेलो. आदी आंगठो, मगे ढोपरापर्यंत.
जानकी आली. मी म्हटले, काही नाही, शाई लागली आहे. जानकी माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांत तिने असे कधी बघितले नव्हते.
मग सगळे सांगितले. चवथीचेही.
आका आत निघून गेली.

३० ऑगस्ट, शनिवार.
सकाळी जाग आली ती बांगड्यांच्या वासाने. श्रावणात! माझ्या घरात! वाटले, ताप चढला.
मागल्या दारी तीन दगड मांडून चूल केली होती आणि आका, माझी आका, पदर खोचून बांगडे साफ करत होती. हात धुऊन तुळशीपुढे उभी राहिली आणि मोठ्याने गाऱ्हाणे घातले. म्हणाली, देवा म्हाराजा, ह्यो बाबू श्रावणात माशे खाता, अंडी खाता, होया तर कोंबो खाईत. दोष आसा तो माज्यार घाल, ह्येच्या पायाक धक्को लावू नको. जानकी मागून म्हणाली, व्हय म्हाराजा.
मग माझ्याकडे वळून म्हणाली, येक शबुद बोलल्लंस जाल्यार पयल्याच दिसा चूल पेटयली असती रे मेल्या. अधिकय बुडवलंय असतंय आणि निजय.
चव्वेचाळीस दिवस मी त्या श्रावणाला शिव्या देत होतो. बांगडे खाल्ले. चार.

३१ ऑगस्ट, रविवार. मालवण.
जानकी बरोबर आली. येऊ नको म्हणून सांगायची सोय राहिलेली नाही.
डॉक्टरांनी मला विचारले, काय काय खाल्ले? मी तोंड उघडायच्या आत जानकीने उत्तर दिले. कचेरीत बोलतात तशा मराठीत, एकेक पदार्थ, वेळेसकट. सकाळी उठल्यावर पेज. दहा वाजता पेज. दुपारी भाकरी तीन, कधी चार. चार वाजता घावणे नाहीतर आंबोळी. रात्री भाकरी, झोपताना परत वायच पेज.
डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारले, पेज म्हणजे काय?
जानकी म्हणाली, उकडे तांदूळ पाण्यात शिजवायचे, पाण्यासकट प्यायचे.
डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, अहो, हा भातच की! मी म्हटले, यादीत नाही. यादी खिशात होती, काढून दाखवली. मग त्यांनी भाकरी कशाची ते विचारले. जानकीने सांगितले. साताऱ्याच्या माणसाला घाम फुटलेला मी प्रथमच पाहिला. म्हणाले, मी पण गाढव, विचारायला हवं होतं. मला बरे वाटले, गाढव आम्ही दोघे होतो.
मग पाय बघितला आणि बरे वाटायचे थांबले. अंगठा वाचत नाही. पाऊल वाचवायचे असेल तर आठ दिवस यादीप्रमाणे खाऊन साखर उतरवायची आणि कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात जायचे. मी म्हटले, चवथ झाल्यावर जाऊ, घरात गणपती आहे. डॉक्टरांच्या आधी जानकी नाही म्हणाली.

५ सप्टेंबर.
बांगडे, अंडी, टाकळा, ताक. आणि काही नाही. आका अंडी उकडते आणि तोंड फिरवून सोलते. पेजेचे मडके कोणीतरी माळ्यावर टाकले आहे. दहा वाजले की घशाला आपोआप कोरड पडते.
नळी निळसर हिरवी. सरळ धरून. आठवड्यात. माझा निश्चय बाजूला काढला तर पथ्य काहीच कठीण नव्हते.

८ सप्टेंबर, सोमवार.
निघालो. मुंबईकडून चाकरमानी येताहेत, प्रत्येक गाडीत ट्रंका, मखरे, रंगीत कागद. सगळा मुलूख चवथीला घरी येतोय आणि आम्ही दोघे उलट्या दिशेने. आकाने एकटीने गणपती करायचा ठरवला आहे. निरोप देताना माझ्याकडे बघितले नाही. जानकीच्या हातात अंड्यांची परडी दिली. आकाने! परडी!

१२ सप्टेंबर. कोल्हापूर.
अंगठा गेला. पाऊल राहिले. शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा खाली बघितले आणि मग वर. जे नाही त्याला खाज सुटते हे पुस्तकात कुठे नाही.

१९ सप्टेंबर. कोल्हापूर. दुपारी.
चवथ झाली. आकाचे कार्ड आले, दाजीने लिहून दिलेले. सगळे यथासांग.
इथल्या डॉक्टरांचे म्हणणे, घरी पाठवू, पण खाण्याचे यापुढे जन्मभर. मी कागद मागून घेतला आणि निश्चयांची यादी करायला बसलो. सतरा कलमे झाली. पहिले: भात आणि भाताचे सर्व नातेवाईक वर्ज्य. शेजारच्या खाटेवर गारगोटीकडचे एक म्हातारे पाटील आहेत, त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. म्हटले, बघा, माणसाने एकदा मनात आणले की भाताशिवाय राहता येते.
पाटील म्हणाले, व्हय की मास्तर. तुमची मालकीण ऱ्हाती न्हवं?
मी म्हटले, म्हणजे?
म्हणाले, दहा-बारा दिस बघतोय. आमची म्हातारी दोन येळा भात द्यायला गेली. घेत न्हाई ती. तुमी निजल्यावर ताक पिती, तुमचं उरलेलं अंडं खाती.
जानकी बाहेर नळावर माझे धोतर धूत होती. आल्यावर विचारले, भात कधीपासून सोडलास? म्हणाली, हौसाबाय आली त्या दिसापासून. का? तर म्हणाली, घरात एकटो माणूस वेगळा खाता तां बरा दिसना नाय. आणि धोतर पिळून दोरीवर टाकायला गेली.
एकवीस दिवस. निश्चय नाही, नळी नाही, वही नाही. मी समोर बसून जेवत होतो आणि मला दिसले नाही.
सतरा कलमांचा कागद पाटलांनी मागितला, तंबाखूच्या पुडीला. दिला.